‘आठ’ आणि ‘आठ अ’मध्ये अडकलेली न्याहारी

मागच्या गणपतीत चाकरमानी गावात आले नि गेलेही, माझ्या ग्रामपंचायतीच्या खेपा मात्र दिवाळी उलटली तरी चालूच होत्या.

दापोली तालुक्यातलं आमचं गाव. मुलं बाहेर गेली, माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्या. पर्यटकांना द्यायचं ठरवलं. शेजारी म्हणाले, नोंदणीबिंदणी कशाला, नाक्यावर फोन नंबराची पाटी लाव. पण पर्यटन संचालनालयाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंद असेल तर लाइटबिल घरगुती दरानेच येतं, हे आमच्या वायरमननेच सांगितलं. मग मी हट्टाला पेटले. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, खोल्यांचे फोटो, सगळं झालं. राहिला घराचा उतारा.

“आठचा उतारा आणा,” एवढंच सांगितलं होतं. मी सरळ तलाठ्याकडे गेले (पाटीवर आता ‘ग्राम महसूल अधिकारी’, बोलताना तलाठीच). तिथून आठ अ घेतला, जोडला, अर्ज परत. का? तर आठ अ म्हणजे जमिनीचं खातं, कोणाच्या नावावर किती जमीन आणि सारा किती. घरासाठी लागतो तो ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीचा. एका ‘अ’पायी माझे तीन आठवडे गेले. ग्रामपंचायतीच्या खिडकीपलीकडच्या भाऊंना पहिल्याच दिवशी माझ्या हातातला कागद दिसत होता, पण तोंड उघडायचं म्हणजे पान थुंकायला उठावं लागलं असतं.

त्यांच्या मागच्या भिंतीवर सेवा हक्क कायदा 2015चा फलक, नमुना 8चा उतारा 5 दिवसांत. खोटं कशाला बोलू, उतारा 5 दिवसांतच मिळाला. फक्त त्यावर नाव आजेसासऱ्यांचं! ते 1987 साली गेले. घरपट्टी दर वर्षी आम्ही भरतो, पावती त्यांच्या नावाने फाटते. मेलेल्या माणसाने अडतीस वर्षं घरपट्टी भरलेली चालते, नातसुनेने दोन पाहुणे ठेवलेले मात्र चालत नाहीत.

वारसांची नावं लावायची तर वंशावळ, मृत्यूचे दाखले आणि मासिक सभेचा ठराव. सभा महिन्यातून एकदा. पहिल्या सभेला कोरमच नाही, अर्धे सदस्य आरत्यांना. दुसऱ्या महिन्यात माझा अर्ज विषयपत्रिकेवरच नव्हता. “घेऊ की ऐनवेळच्या विषयांत,” म्हणाले. घेतला, आणि ऐनवेळीच एकाला आठवलं की या घराला एक लेकही आहे, तिची संमती कुठाय?

(अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. दुसऱ्या महिन्यात ती पोच नसती तर ‘तुमचा अर्ज आलाच नाही’ यावरच मी घरी आले असते.)

ती लेक म्हणजे आमच्या आत्येसासूबाई, वय चौऱ्याऐंशी, मुक्काम पुणे. संमतिपत्र घेऊन मी आणि हे एसटीने गेलो. पाचशेचा स्टॅम्प बघूनच त्या सावरून बसल्या. “सही घेऊन माझा हिस्सा उडवताय होय गो?” हे गप्प. मी आठचा उतारा दाखवला, आठ अ दाखवला, नमुना 8ने मालकी ठरत नाही, ती फक्त आकारणी, हेही सांगितलं. हे मला तरी कुठे ठाऊक होतं चार महिन्यांपूर्वी! त्यांनी चष्मा पुसून मसुदा दोनदा वाचला. मग म्हणाल्या, “मे महिन्यात समुद्राकडची खोली मला. भाडं देणार नाही.” कबूल केलं. सही झाली.

तिसऱ्या सभेत ठराव झाला. पुढचं सगळं इतकं भराभर झालं की सांगण्यासारखं काही नाही.

हो, एक विसरलेच. न्याहारी देणार तर अन्न परवान्याची साधी नोंदणी लागते, वर्षाला 100 रुपये. ती एजंटाकडून करू नका. माझ्या जावेने हजार मोजले. परदेशी पाहुणा आला तर 24 तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म 3 (पूर्वीचा फॉर्म सी) ऑनलाइन भरायचा, मग तो एकच रात्र का राहीना. आणि जीएसटीच्या नावाने कोणी घाबरवलं तर उलाढाल बघा. 20 लाखांच्या आतले आणि नोंदणी नसलेले असाल तर अ‍ॅपवरून आलेल्या बुकिंगचा कर ते अ‍ॅपवालेच भरतात.

बाकी, मे महिन्यासाठी फोन यायला लागलेत. समुद्राकडची सोडून दुसरी खोली देतेय.