आमची वाटचाल : पुठ्ठ्यावरचे ठिपके

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत १९९६ साली आम्ही दोघा भावांनी भाड्याच्या शेडमध्ये गॅरेज सुरू केले, तेव्हा अँबॅसडर आणि फियाट या रोजच्या वापरातल्या गाड्या होत्या आणि त्यांना कोणी ‘क्लासिक’ म्हटले असते तर आम्हाला हसू आले असते. पुढे फियाट म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, अँबॅसडरचे २०१४ साली थांबले, आणि त्या मधल्या काळात या गाड्या रस्त्यावरून हळूहळू गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली, तंबाखूच्या वखारीत आणि बंगल्याच्या मागच्या बोळात जाऊन बसल्या. आजोबांची गाडी पुन्हा चालू करायची म्हणून निपाणीहून पहिले गिऱ्हाईक आमच्याकडे आले ते २००९ मध्ये. आज आमचे निम्म्याहून अधिक काम अशा दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाड्यांचे आहे आणि जवळजवळ प्रत्येक गाडीची पहिली तक्रार एकच असते, की चालू केली आणि खालून गळायला लागली.

ही तक्रार कोणी मराठीत सांगतो, तर गोकाक-अथणीकडची मंडळी कन्नडमध्ये ‘एण्णि सोरतैति’ म्हणतात. कामाचा कागद आम्ही दोन्ही भाषांत लिहून देतो. पण ‘तेल गळते’ एवढ्या दोन शब्दांवर पाना हातात घेणे दोन्ही भाषांत सारखेच चुकीचे ठरते, हे समजायला आम्हाला बरीच वर्षे लागली आणि पदरचे पैसेही गेले.

तो धडा टिळकवाडीतल्या एका अँबॅसडरने दिला. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्यामुळे सैन्यातून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांच्या गाड्या आमच्याकडे पुष्कळ येतात, त्यांपैकीच ही एक होती. ती नऊ वर्षे जागची हललेली नव्हती आणि इंजिन चालू केल्यावर क्लचवरच्या कवचाच्या, म्हणजे बेल हाउसिंगच्या, तळाशी असलेल्या छिद्रातून तेल थेंबथेंब पडत होते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून तेल येते, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, क्रँकशाफ्टचे, मागचे सील गेले, असा निकाल मी दहा मिनिटांत दिला. गिअरबॉक्स सोडवला, इंजिन उतरवले, क्लच आणि फ्लायव्हील काढले, आणि मग पाहतो तो बदलायला सीलच नाही. तोवर आमच्या हाताखालून गेलेल्या बहुतेक अँबॅसडर डिझेलच्या होत्या. जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाला मागच्या बाजूस रबरी ऑइल सील नसते, हे मला ठाऊक नव्हते. तिथे शाफ्टवरच उलट्या दिशेचे आटे कापलेले असतात आणि शाफ्ट फिरू लागला की बाहेर निघू पाहणारे तेल ते आटे पुन्हा आत ओढतात. क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या पोकळीत, दाब साचला नाही, तरच ही व्यवस्था तेल धरून ठेवते.

एवढे उघडलेच आहे तर क्लच प्लेट बदलू, इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचे पॅकिंग बदलू, असे करत आम्ही ते सगळे पुन्हा जोडले आणि आठवड्याभरात गाडी त्याच थेंबांसह परत आली. या खेपेला धाकट्या भावाने मला पान्याला हात लावू दिला नाही. त्याने इंजिन डिझेलने ब्रश मारून धुतले, हवा मारून वाळवले, मागच्या सगळ्या भागावर टाल्कम पावडर भुरभुरली आणि गाडी वीस मिनिटे उभ्या जागी चालवली. पांढऱ्या पावडरवर तेलाची एक काळी रेघ उमटली. ती इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघून ब्लॉकच्या पाठीवरून सरळ बेल हाउसिंगच्या सांध्यात उतरली होती. कव्हरखालचे कॉर्कचे पॅकिंग वाळून आक्रसले होते आणि नखाने मोडत होते. शिवाय इंजिनाच्या बाजूच्या झाकणावरून निघणारी श्वासनळी कुंभारीण माशीने मातीचे घर करून पार बुजवली होती; त्यामुळे आतला दाब जिथे फट मिळेल तिथून तेल बाहेर ढकलत होता. पॅकिंग शंभर रुपयांच्या आतले आणि नळी साफ करायला एक तार पुरेशी. आधीच्या कामाची मजुरी आम्ही परत केली. साहेबांनी ती मोजून घेतली आणि वर ‘कारण काय होते ते लिहून द्या’ असेही सांगितले. लिहून देताना मला जी लाज वाटली तिच्यातूनच आमची सध्याची पद्धत निघाली, त्यामुळे त्या साहेबांचे आम्ही आजही मनातून आभार मानतो.

आता गाडी आली की पहिल्या रात्री तिच्याखाली मोठा कोरा पुठ्ठा पसरतो, त्यावर चारही चाकांच्या जागा आखतो आणि सकाळी प्रत्येक ठिपक्याभोवती पेन्सिलीने गोल काढून तो कशाचा आहे ते शेजारी लिहितो. रंगावर फारसे विसंबता येत नाही, कारण वर्षानुवर्षे साठलेला सगळाच द्रव तपकिरी दिसतो. वास आणि बोटांना लागणारा पोत जास्त खरे सांगतात. गिअर ऑइल घट्ट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र दर्प असतो. कूलंटला गोडसर वास असतो. ब्रेक ऑइल नाव ‘ऑइल’ असूनही पाण्याने धुतले जाते आणि ज्या रंगावर पडेल तो रंग सोलते. मागच्या चाकाच्या ड्रममध्ये ओल दिसली की मिस्त्री बहुधा चाकातला ब्रेक दाबणाऱ्या व्हील सिलिंडरला दोष देतो. पण तोच द्रव बोटावर घेऊन पाण्याखाली धरला आणि तेलकटपणा तसाच राहिला, तर ते मागच्या अॅक्सलच्या हाउसिंगमधले गिअर ऑइल अॅक्सलच्या सीलमधून आलेले असते. अशा वेळी सील बदलण्याआधी आम्ही हाउसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे हवेची वाट, उघडा आहे का ते बघतो. तिथेही चिखल साचतो आणि तिथेही कुंभारीण घर करते.

पुठ्ठ्यावरून द्रव कळतो, उगम कळतोच असे नाही. तेल ब्लॉकवरून खाली ओघळते आणि गाडी धावत असताना वाऱ्याने मागे पसरते, म्हणून आम्ही ठिपक्यापासून वर आणि पुढे शोधत जातो आणि जिथे पोहोचतो तिथे पावडर मारून पुन्हा खात्री करतो. अलीकडे तेलात मिसळायचा रंग आणि निळ्या प्रकाशाचा दिवाही घेतला आहे, पण अजूनही माझा भरवसा पावडरीवरच अधिक आहे.

काही वर्षे हे पुठ्ठे जपून ठेवल्यावर एक गोष्ट लक्षात आली, जी बेळगावसारख्या जिल्ह्यातच लक्षात येऊ शकते. पश्चिमेकडे खानापूर, जांबोटी, कणकुंबी हा मलप्रभेच्या उगमाजवळचा मुसळधार पावसाचा प्रदेश आहे आणि पूर्वेकडे अथणी-रायबागचे कोरडे माळ आहेत. खानापूरकडची गाडी गंजाने गळते आणि अथणीकडची गाडी वाळून गळते. पहिलीत ब्रेकच्या नळ्या, व्हील सिलिंडरचे बोअर आणि ब्लॉकचे पत्र्याचे प्लग खाल्लेले सापडतात; दुसरीत धातू धडधाकट असतो, पण कॉर्क, होज आणि सीलच्या ओठांचा जीव गेलेला असतो. जांबोटीकडच्या गाडीचे टॅपेट कव्हर काढल्यावर आत पांढरट मलईसारखा थर दिसला, तर लगेच हेड पॅकिंग गेले आणि तेलात पाणी शिरले असे आम्ही म्हणत नाही, कारण तो पुष्कळदा नुसत्या दमट हवेचा असतो. तेल बदलून, गाडी चांगली तापवून, रेडिएटरचे पाणी कमी होते का हे चार दिवस पाहिल्याशिवाय हेडला हात लावत नाही.

गंजाचा आणखी एक त्रास ऑइल सीलखाली लपलेला असतो. वर्षानुवर्षे सीलचा ओठ शाफ्टवर एकाच जागी टेकून राहतो आणि तिथे गंजाची बारीक कडी उमटते. नुसते नवे सील बसवले तर ती कडी कानशीसारखी त्याचा ओठ कापते आणि दोन महिन्यांत गळती परत येते. जागा असेल तर आम्ही नवे सील एक-दोन मिलिमीटर आतबाहेर बसवतो, म्हणजे ओठ कोऱ्या पृष्ठभागावर फिरतो. जागा नसेल तर शेजारच्या लेथवाल्याकडून शाफ्टवर चढवायची पातळ नळी, म्हणजे स्लीव्ह, करून घेतो. उद्यमबागेत असण्याचा हा मोठा फायदा आहे. इथे फाउंड्री, मशीनशॉप आणि हायड्रॉलिकची कामे एकमेकांना लागून आहेत आणि आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी सांगितली की हवे ते सील सहसा संध्याकाळपर्यंत हातात पडते.

याच सोयीने एकदा आमचा घात केला. एका फियाटच्या व्हील सिलिंडरचे रबर कोल्हापुरात मिळाले नाही, मुंबईहून कुर्ल्याच्या बाजारातून यायला आठवडा लागणार होता आणि मालकाला लग्नाला जायचे होते. मी हायड्रॉलिकच्या दुकानातून त्याच व्यासाचा कप आणून बसवला. तो नायट्राइल रबराचा होता. नायट्राइल इंजिन ऑइलमध्ये उत्तम टिकते, पण ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलला ते चालत नाही. तिथे ईपीडीएम किंवा त्यासाठीच बनवलेले रबर लागते, आणि ते ईपीडीएम उलट खनिज तेलात फुगते. चौथ्या दिवशी चाचणीसाठी मी पिरनवाडीपर्यंत गेलो आणि येताना एका ड्रममधून धूर येऊ लागला. कप फुगून सिलिंडरमध्ये अडकला होता आणि ब्रेक सुटत नव्हता. गाडीत मी एकटा होतो, एवढेच नशीब. मालक लग्नाला बसने गेले. तेव्हापासून ब्रेकचे रबर ब्रेकच्याच किटमधले असते, ते पेट्रोल किंवा रॉकेलने धुतले जात नाही, आणि किट येईपर्यंत गाडी शेडबाहेर जात नाही, मग मालक कोणीही असो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि त्या ओलीनेच सिलिंडरच्या बोअरला आतून खड्डे पडतात, म्हणून पाच वर्षांहून अधिक उभ्या राहिलेल्या गाडीचे चारही चाकांचे व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर आम्ही गळत नसले तरी उघडतो. खड्डे बोटाच्या नखाला लागत असतील तर होनिंगने, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करण्याने, भागत नाही. स्लीव्ह घालावी लागते किंवा सिलिंडर नवा घ्यावा लागतो.

पेट्रोलची गळती अलीकडे वाढली आहे. पेट्रोलमधले इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत गेल्यापासून जुन्या नळ्या आणि पंपातले डायफ्राम, म्हणजे पडदे, लवकर मऊ पडतात किंवा तडकतात. आमचाच जिल्हा उसाचा आणि साखर कारखान्यांचा असल्यामुळे या इथेनॉलबद्दल इथे तक्रार करण्याची सोय नाही. ऊसवाल्या गिऱ्हाइकाला हे सांगताना मी जपून शब्द वापरतो. सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या टाकणे हा आमचा ठरलेला उपाय आहे. फियाटमध्ये पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपाचा डायफ्राम फाटला, तर पेट्रोल बाहेर न पडता आतल्या बाजूने तेलाच्या चेंबरमध्ये उतरते आणि जमिनीवर काहीच दिसत नाही. संकेश्वरचे एक गृहस्थ मोठ्या कौतुकाने सांगत होते, ‘तेल कमी होत नाही, उलट पट्टीवर वर चढते.’ तेल मोजायच्या त्या पट्टीचा वास घेतल्यावर त्यांना गाडी तिथेच बंद करायला सांगून आम्ही ती ओढून आणली, कारण पातळ झालेले ते तेल बेअरिंगचे रक्षण करत नाही आणि त्याच्या वाफेला ठिणगी मिळाली तर इंजिनाचे काय होईल ते सांगायला नको.

पाण्याच्या गळतीबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या, तळाला एक लहान छिद्र असते. आतले कार्बन सील गेले की पाणी तिथून येते. ते छिद्र एम-सीलने बुजवलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत. गळती थांबवणारी जी बाटली रेडिएटरमध्ये ओततात, ती आम्ही वापरत नाही, कारण तिने भोकाबरोबर रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजतात.

नव्या गिऱ्हाइकाला आमची एक गोष्ट पटत नाही. गाडी चालू झाल्यावर इंजिन किंवा गिअरबॉक्सचे दोन-चार थेंब पडत असतील, तर आम्ही लगेच काही उघडत नाही. नवे तेल घालून, श्वासनळ्या साफ करून, दीडशे-दोनशे किलोमीटर गाडी चालवून पुन्हा पुठ्ठा पसरतो, कारण सुकलेले सील तेलात भिजून पुष्कळदा आपोआप धरते. ब्रेक आणि पेट्रोल यांच्या बाबतीत मात्र एका थेंबालाही अशी सवलत नाही. ‘पंधरा दिवस ठेवून घेतली आणि नुसता पुठ्ठाच पसरला’ असे आमच्याबद्दल बाजारात बोलले जाते, आणि ते खरेही आहे. पुठ्ठ्याच्या तपासणीचे आम्ही वेगळे पैसे घेतो आणि ती रक्कम पावतीवर पहिल्या ओळीत लिहितो. त्यावरून परत गेलेली गिऱ्हाइकेही आहेत.

सध्या शेडमध्ये नंदगडहून आलेली एक फियाट उभी आहे, जी अकरा पावसाळे जागेवरून हललेली नव्हती. तिचे ब्रेक झाले, नळ्या झाल्या, आणि काल रात्रीच्या तिसऱ्या पुठ्ठ्यावर दोनच ठिपके होते. एक टायमिंग कव्हरखालचा आहे, तो आम्ही ओळखला. दुसरा उजव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला आहे, पाण्याने धुतला जात नाही आणि त्याला वासही नाही. धाकटा भाऊ स्टिअरिंग बॉक्स म्हणतो आहे, मी शॉक अॅब्सॉर्बर म्हणतो आहे, आणि पावडर मारून झाली आहे.