थकलेलं भाडं आणि बाकीचं जग

विनोदाला भाषा लागत नाही, असं म्हणणाऱ्यांनी परदेशी विनोद फारसा पाहिलेला नसतो, असं माझं मत होत चाललंय. पुरावा म्हणून ते आधी चॅप्लिन पुढे करतात, मग मिस्टर बीन, आणि माणूस जरा जास्त पाहणारा असला तर फ्रान्सचा जाक ताती. चॅप्लिनबद्दल बोलायची माझी टाप नाही. मिस्टर बीन आमच्याकडे लहानथोर सगळ्यांना चालतो. ख्रिसमसची टर्की त्याच्या डोक्यात अडकते, तेव्हा सासूबाई देवपूजा अर्धवट सोडून बाहेर येतात. तातीचं मात्र माझं जमलं नाही. 'प्लेटाइम'साठी (१९६७) त्याने पॅरिसच्या वेशीवर रस्ते, काचेच्या इमारती, दिव्यांचे खांब असं अख्खं नगर वसवलं आणि त्यापायी कर्जात बुडाला. प्रत्येक दृश्यात किती डोकं लावलंय ते दिसतं. मी तो सिनेमा अगदी आदराने, ताठ बसून पाहिला, आणि तिथेच काय ते समजावं.

उलट ज्यांची भाषा मला ओ की ठो कळत नाही, असे अखंड बडबड करणारे मेक्सिकोचे, इजिप्तचे आणि क्यूबाचे लोक मला पोट धरून हसवतात. त्यांच्या बडबडीचा विषय बहुतेक वेळा भाडं असतो. नाहीतर कुठलातरी कागद.

मेक्सिकोच्या 'एल चावो देल ओचो'पासून सुरुवात झाली. मालिका सत्तरच्या दशकातली. मधे चौक, चौकाभोवती खोल्या, वर जाणारा जिना, कपडे वाळत घातलेली दोरी आणि कोपऱ्यात एक लाकडी पिंप, एवढ्या भांडवलावर सगळे भाग चालतात. पहिल्या पाच मिनिटांत मला बिऱ्हाडं ओळखू आली. चावो हा आठ वर्षांचा अनाथ मुलगा, रुसला की पिंपात जाऊन बसणारा. त्याचं काम करणारे रोबेर्तो गोमेस बोलान्योस तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते. मालिका लिहिणारेही तेच. बाकीची 'मुलं'ही अशीच दाढीमिशा उगवण्याचं वय केव्हाच मागे टाकलेली. एका खोलीत दोन्या फ्लोरिंदा, दिवसभर केसांत कर्लर लावून. तिच्या लाडक्या कीकोने भोकाड पसरलं की ती बाहेर येते आणि काय झालं, कोणी केलं याची काडीची चौकशी न करता शेजारच्या दोन रामोनच्या ('दोन' म्हणजे स्पॅनिशमधलं 'श्रीयुत', आकडा नव्हे) थोबाडीत ठेवून देते. वर लेकाला सांगते, या असल्या लोकांत मिसळत जाऊ नकोस. असल्या लोकांत! भिंतीला भिंत लागून आहे, नळ सामाईक आहे, आणि बाई वेगळ्या.

दोन रामोन मला फार आवडतो. काडीपैलवान, डोक्यावर चुरगळलेली टोपी, कामधंद्याचा पत्ता नाही. त्याचं चौदा महिन्यांचं भाडं थकलेलं आहे. मालिका वर्षानुवर्षं चालली, पण भाडं चौदा महिन्यांचंच. तेरा नाही, पंधरा नाही. घरमालक सेन्योर बारिगा, हा लठ्ठ गृहस्थ, हातात बॅग घेऊन स्वतः वसुलीला येतो. चौकात पाऊल टाकतो न टाकतो तोच चावोच्या हातून सुटलेलं काहीतरी त्याला लागतं. चेंडू, काठी, जे काही असेल ते. चावोने मुद्दाम केलेलं नसतं, हेही दर वेळी. मालक कळवळतो, रामोन मागच्या मागे पसार होतो. काय होणार हे बघणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं आणि तरी दार वाजलं की हसू फुटायला लागतं. ब्राझीलवाल्यांनी हीच मालिका पोर्तुगीजमध्ये डब करून १९८४ पासून इतकी दाखवली, की तिथल्या एका पिढीला ती घरचीच वाटते. मला त्यात नवल वाटत नाही.

आपल्याकडचंच बघा ना. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ चा. त्यावर आजही मीम निघतात आणि 'सत्तर रुपये वारले' म्हटलं की समोरच्याला संदर्भ द्यावा लागत नाही. साड्या, विग, लक्ष्याची पार्वती हे सगळं धमाल आहेच, पण मुळात अडचण काय? पुण्यात चार बाप्यांना खोली मिळत नाही. घरमालक हा प्राणी नसता तर मराठी विनोदाचं काय झालं असतं, यावर कोणीतरी पीएचडी करायला हरकत नाही.

हे सगळं मी बघते ते सबटायटल्सच्या भरवशावर, आणि हल्ली एकटी बघत नाही. आमचे काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, कोषागारातून निवृत्त झालेले, संध्याकाळी चहाला येतात आणि माझ्या टीव्हीवर जे लागलेलं असेल त्यासमोर बसतात. यात एक गंमत होते. मी भराभर वाचते, त्यामुळे पात्राने तोंड उघडायच्या आत माझं हसून झालेलं असतं. काका प्रत्येक अक्षर तपासून वाचतात, त्यामुळे त्यांचं हसू पुढच्या प्रसंगात येतं, आणि तिथे बहुधा कोणीतरी रडत असतं. नट मधल्यामधे एकटाच विनोद करून जातो. कोट्या तर सबटायटल्समध्ये जागच्या जागी मरतात. थकलेलं भाडं तेवढं मरत नाही.

काकांची खरी जात दिसली ती क्यूबाच्या सिनेमाला. 'एका नोकरशहाचा मृत्यू', १९६६, दिग्दर्शक तोमास गुतिएरेस आलेआ. क्रांतीला उणीपुरी सात वर्षं झालेली, सिनेमा सरकारी संस्थेनेच काढलेला, आणि चेष्टा सरकारी कचेरीची. श्रेयनामावलीच सरकारी कागदासारखी टंकलिखित येते, ती पाहून काका खुर्चीत सावरून बसले.

गोष्ट अशी. एक आदर्श कामगार मरतो. त्याने क्यूबाचा राष्ट्रपुरुष होसे मार्ती याचे अर्धपुतळे धडाधड पाडणारं यंत्र शोधलेलं असतं आणि त्याच यंत्रात तो सापडतो. थोर माणूस, म्हणून सन्मानाने त्याचं कामगार-कार्डही त्याच्याबरोबर पुरतात. मग विधवा बाई भाच्याला घेऊन पेन्शनसाठी कचेरीत जाते. कारकून म्हणतो, कार्ड आणा.

"मूळ कागद!" काकांनी मांडीवर थाप मारली. "झेरॉक्स चालत नाही तिथे!"

कार्ड जमिनीखाली. प्रेत उकरायचं तर कोर्टाचा हुकूम हवा, नाहीतर दोन वर्षं थांबा. भाचा या टेबलावरून त्या टेबलावर, या खिडकीतून त्या खिडकीत फिरतो. शेवटी वैतागून रात्री माणसं लावून शवपेटीच पळवतो. कार्ड मिळालं! दुसऱ्या दिवशी मामाला परत पुरायला नेतो, तर दफनभूमीचा व्यवस्थापक नोंदवही उघडून दाखवतो: हे गृहस्थ आमच्याकडे पुरलेले आहेत, आधी त्यांना उकरल्याचा हुकूम आणा. आता मामा घरात. उकाड्याचे दिवस. शेजारीपाजारी बर्फ आणून देतात, आणि घरावर गिधाडं घिरट्या घालायला लागतात. पुढे दफनभूमीच्या दारातच अशी जुंपते, की पुष्पचक्रं एकमेकांच्या अंगावर फेकली जातात आणि शववाहिकेचे तुकडे पडतात. सगळं लॉरेल-हार्डीच्या चालीवर, सावकाश, पाळीपाळीने. तू माझं एक मोड, मी तुझं एक मोडतो.

मी हसून हसून बेजार. काका गंभीर झाले होते.

"चूक भाच्याची आहे," ते म्हणाले.

"काका! तो बिचारा काय करणार?"

"अगं, कार्ड हरवलं म्हणून प्रतिज्ञापत्र करायचं, दुय्यम प्रत मागायची. त्रुटी निघाली असती, पूर्तता केली असती. सहा महिने गेले असते, फार तर वर्ष. तो व्यवस्थापक नियमाने बोलत होता. नोंद एकदा झाली ती झाली."

आता यावर काय बोलणार? ज्या माणसाने उभी हयात दुसऱ्यांच्या हयातीचे दाखले तपासण्यात घालवली आणि आता दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याची सही करायला स्वतः बँकेत जातो, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण त्या दिवसापासून काकांना चटक लागली. "तसलं कचेरीचं आहे का काही?" हा त्यांचा रोजचा प्रश्न.

आहे, भरपूर आहे. इजिप्तचा 'दहशतवाद आणि कबाब' (१९९२) त्यांच्यासाठीच केल्यासारखा. कैरोच्या तहरीर चौकातली मुगम्मा नावाची अवाढव्य सरकारी इमारत. आदिल इमाम हा तिथला फार मोठा नट मुलांची शाळा बदलून घ्यायला तिथे खेटे घालतोय, आणि संबंधित साहेब जागेवर नाहीत. बाचाबाची होते, झटापटीत पहारेकऱ्याची बंदूक त्याच्या हातात येते, आणि बाहेर बातमी पसरते की अतिरेक्यांनी इमारत ताब्यात घेतली. मंत्री विचारतात, मागण्या काय? याला मागणीच सुचत नाही! ओलीस लोकही त्याच रांगेत ताटकळलेले. ते म्हणतात, आधी जेवायला मागवा. कबाब. चांगले कबाब. काकांनी या सिनेमात एकही आक्षेप घेतला नाही. "साहेब जागेवर नसणं हे अगदी बरोबर दाखवलंय," एवढाच शेरा.

मिलोश फोरमनचा चेक सिनेमा 'फायरमन्स बॉल' (१९६७) मला याहून तिखट वाटतो. गावातल्या अग्निशमन दलाचा समारंभ, त्यात सोडत, आणि सोडतीची बक्षिसं कार्यक्रम चालू असतानाच टेबलावरून एकेक करून गायब होताहेत. चोरांना वस्तू गुपचूप परत ठेवता याव्यात म्हणून दिवे घालवतात. दिवे लागतात तेव्हा उरलंसुरलंही गेलेलं असतं, आणि पकडला जातो तो एकच माणूस, जो खरोखर परत ठेवायला आला होता. मग पदाधिकारी त्याच्यावरच चिडतात, दलाची अब्रू घालवलीस म्हणून. ज्यांनी एखाद्या मंडळाच्या कार्यकारिणीत एक वर्ष काढलंय त्यांना यापुढे सांगायची गरज नाही. या सिनेमावर तिथे बंदी आली होती.

रशियाचा 'नियतीची थट्टा' तीन तासांचा आहे आणि मधे गाणी फार, तरी त्यातली कल्पना बिनतोड. नववर्षाच्या आदल्या रात्री प्यायलेला मॉस्कोचा डॉक्टर चुकून लेनिनग्राडला पोचतो, टॅक्सीवाल्याला आपला पत्ता सांगतो, आणि तिथेही त्याच नावाचा रस्ता, तीच इमारत, तोच मजला, आणि किल्लीसुद्धा लागते. १ जानेवारी १९७६ ला तो सोव्हिएत टीव्हीवर पहिल्यांदा दाखवला. सेक्टर, प्लॉट, बिल्डिंग, विंग असा पत्ता सांगणाऱ्या कोणालाही यात अशक्य असं काही वाटणार नाही.

मला वाटतं, आपण मराठी माणसं हे पूर्वीपासून करत आलोय, फक्त सबटायटल्स लागत नव्हती. देवलांचं 'संशयकल्लोळ' मर्फी नावाच्या आयरिश नाटककाराकडून आलं आणि त्याच्याकडे ते मोलिएरकडून. फाल्गुनराव फ्रेंच आहे अशी शंका कोणाला तरी येते का? गोगोलच्या रशियन इन्स्पेक्टरचा पुलंनी 'अंमलदार' केला, तोही इथलाच वाटतो. उलटं उदाहरणही आहे. 'येस मिनिस्टर' ही ब्रिटिश मालिका बघताना आपण मोकळेपणी हसतो, कारण फजिती साहेबाची होत असते. २००१ साली ती फारूख शेखना घेऊन हिंदीत 'जी मंत्रीजी' म्हणून आली, तेव्हा आमच्या घरात कोणी हसेना. बातम्या लागल्यासारखं वाटायचं.

आता इतकं सगळं भाड्यावर आणि कागदावर बसवल्यावर 'डिनर फॉर वन' आडवं येतं. हे जेमतेम अठरा मिनिटांचं इंग्रजी प्रहसन, १९६३ मध्ये हाम्बुर्गच्या टीव्ही केंद्राने मुद्रित केलेलं. जर्मनीत दर ३१ डिसेंबरला ते लागतं, तेही इंग्रजीतच, आणि घरोघरी लोक ते बघतात. खुद्द इंग्लंडात ते फारसं कोणाला माहीत नव्हतं. मिस सोफीचा नव्वदावा वाढदिवस. जेवणाला बोलावलेले चारही मित्र कधीच वारलेले. त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांसमोर बटलर जेम्स वाढतो, आणि चौघांच्या वाटचं पितोही तोच. शेरी, मग व्हाइट वाइन, मग शॅम्पेन, मग पोर्ट. दर फेरीला वाघाच्या कातड्याच्या मुंडक्याला ठेचकाळतो. एकदा मात्र न अडखळता पलीकडे जातो, आणि थांबून मागे वळून त्या वाघाकडे असा बघतो, की मी दर वेळी तिथेच सर्वांत जास्त हसते. यात ना भाडं, ना दाखला, ना कचेरी. माझ्या सिद्धांताला सुरुंग.

काकांना दाखवलं. पहिला पदार्थ मुलगातानी सूप आला तेव्हा ते "हे तर सार!" म्हणाले, मग शेवटपर्यंत गप्प राहिले. जेम्स चौथ्या फेरीला फुलदाणीतलं पाणी प्यायला लागला तरी चेहरा हलला नाही. संपल्यावर चष्मा पुसत त्यांनी विचारलं,

"चार-चार प्रकारची दारू, वर नोकर. या बाईंना पेन्शन किती असेल गं?"