व्हिक्टोरियन चेस्ट ऑफ ड्रॉवर्स: घेण्यापासून पॉलिशपर्यंत माझा अनुभव

इथे इंग्लंडमध्ये जुन्या महोगनी फर्निचरचे भाव इतके पडलेत की दीडशे वर्षांचं भक्कम खणांचं कपाट कधीकधी दुकानातल्या खोक्यात येणाऱ्या, स्क्रू पिळून जोडायच्या कपाटापेक्षा स्वस्त पडतं. डीलर लोक ह्या सगळ्याला 'ब्राउन फर्निचर' म्हणतात, म्हणतानाच नाक जरा मुरडतात. मी बर्मिंगहॅमला राहते, घराला कपाट हवंच होतं, म्हटलं मग जुनंच घेऊ आणि स्वतः दुरुस्त करू. सासूबाई सांगलीहून फोनवर म्हणाल्या, "अगं, कुणाच्या कोण माणसाच्या घरातलं जुनं लाकूड घरात कशाला आणतेस?" नवरा गप्प, कारण त्याला उचलायला लागणार हे त्याला आधीच कळलेलं.

ऑक्शनला जाणार असाल तर आधी हिशोब नीट करा. हातोडा पडतो त्या आकड्यावर बायर्स प्रीमियम, म्हणजे ऑक्शनवाल्यांचं कमिशन लागतं, त्यावर व्हॅट, आणि व्हॅन तुमची. आणि व्ह्यूइंगच्या दिवशी जायचंच, फोटोवरून घ्यायचं नाही. फोटोत सगळी महोगनी राजेशाही दिसते.

मला कळलेली मुख्य गोष्ट म्हणजे पुढून बघून फारसं काही कळत नाही. पुढचा भाग गिऱ्हाइकाला दाखवायलाच बनवलेला असतो, नंतर कोणीतरी तो घासलेला, रंगवलेला, मुठी बदललेला असू शकतो. खरं काय ते ड्रॉवर बाहेर काढून, उलटा करून, टॉर्च मारून बघायचं. मी बघितलेलं कपाट नेहमीच्या घाटाचं होतं, वर दोन छोटे ड्रॉवर, खाली तीन लांब, बन फीट म्हणजे पावासारखे गोल पाय, लाकडी मुठी. कॅटलॉगमध्ये 'अर्ली व्हिक्टोरियन' लिहिलेलं. व्हिक्टोरिया राणी १८३७ ते १९०१, म्हणजे 'अर्ली' म्हटलं की १८४० च्या आसपासचं असायला हवं.

पहिलं बघितलं डोव्हटेल सांधे, म्हणजे ड्रॉवरच्या कोपऱ्यात फळ्या एकमेकींत अडकवणारे पारव्याच्या शेपटीच्या आकाराचे दात. बारीक, थोडे कमीजास्त, म्हणजे हातानं कापलेले. पण एवढ्यावर उडी मारू नये, कारण इंग्लंडमध्ये हातानं डोव्हटेल कापणं शतक संपेपर्यंत चालूच होतं. मग स्क्रू. जुने हातानं केलेले स्क्रू टोकाला बोथट असतात, खाच बऱ्याचदा मधोमध नसते. टोकदार, एकसारखे, मशीनचे स्क्रू इथे सर्रास मिळायला लागले ते १८५० नंतर. ह्यात आमच्या बर्मिंगहॅमचाच हात आहे बरं का, १८५४ मध्ये नेटलफोल्ड नावाच्या कारखानदारानं अमेरिकन पेटंट घेऊन शेजारच्या स्मेथिकला स्क्रूचा मोठा कारखाना काढला, त्यात चेंबरलेन घराण्याचा पैसा होता. तर ह्या कपाटाच्या कुलुपाचा एक स्क्रू मी परवानगी विचारून काढून बघितला, टोकदार. आता एक स्क्रू नंतर बदललेला असू शकतो, पण वरची फळी आतून ज्या स्क्रूंनी धरलेली तेही तसेच, आणि मागच्या फळ्यांवर गोल करवतीच्या कमानदार खुणा. म्हणजे 'अर्ली' काही नाही, १८६०-७० च्या सुमाराचं असावं. मला चाललं, उलट बोली कमी लावायला बरं.

मुठी मूळच्या आहेत का हे बघायला ड्रॉवरच्या पुढच्या फळीच्या आतल्या बाजूला बघा. प्रत्येक मुठीला एकच भोक असेल तर ठीक, शेजारी बुजवलेली भोकं असतील तर कोणीतरी मध्ये पितळी हँडल लावून काढलीत. माझ्यात एकेकच होतं, आणि मुठींना लाकडाचेच आटे, फिरवून बसवायच्या. एक मूठ गायब होती. कुलुपावर मुकुट आणि 'व्ही.आर.' (व्हिक्टोरिया रेजिना, म्हणजे राणी व्हिक्टोरिया) असा छाप होता, त्यावरून लोक एकदम खूश होतात पण कुलूप बदलता येतं हे विसरतात. (कुलपांचा विषय निघालाच आहे तर, १८५१ च्या ग्रेट एक्झिबिशनच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसानं आधी चब आणि मग ब्रामा ह्या कुलूपवाल्यांचं न उघडणारं समजलं जाणारं कुलूप उघडून दाखवलं आणि मग लंडनमध्ये स्वतःचीच कुलपांची कंपनी काढली. धंदा असा करावा.)

घरी आणल्यावर आधी गॅरेजमध्येच ठेवलं, वुडवर्म म्हणजे लाकूड पोखरणारा किडा आहे का ते बघायला. दीड-दोन मिलिमीटरची भोकं तर होतीच खालच्या पाइनमध्ये, प्रश्न हा की किडा जिवंत आहे का. खाली काळा कागद अंथरायचा आणि पिठासारखा ताजा भुसा पडतो का बघायचं, आणि भोकाच्या आतला रंग फिकट, ताजा आहे का ते. ह्या किड्यांचे भुंगे होऊन बाहेर पडतात ते उन्हाळ्यात, त्यामुळे हिवाळ्यात काही पडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. मी परमेथ्रिनवालं औषध आतल्या कच्च्या लाकडाला लावून मोकळी झाले.

नंतर सफाई. कापसाच्या बोळ्यावर व्हाइट स्पिरिट घेऊन पुसलं तर बोळा कॉफीच्या रंगाचा, शंभरेक वर्षांचं मेण, धूर, हात. खालचं पॉलिश शेलॅकचंच, म्हणजे लाखेचंच आहे का हे कळायला न दिसणाऱ्या जागी मेथिलेटेड स्पिरिटचा थेंब टाकला, चिकट झालं, म्हणजे शेलॅक. इथे बरेच जण स्ट्रिपर (पॉलिश उतरवायचं रसायन) ओतून सगळं उतरवतात किंवा वरून चॉक पेंट फासतात, मला दोन्ही बघवत नाही. जुनं पॉलिश टिकलेलं असेल तर ते ठेवायचं, फक्त जिथे गेलंय तिथे भरायचं.

सैल झालेल्या सांध्यांना व्हॉट्सॲपवर सगळ्यांचा एकच सल्ला, फेविकॉल लाव. नाही लावायचा! त्या काळचे सांधे सरसाचे आहेत, सरस गरम पाण्यानं मऊ होतो, सांधा न मोडता उघडतो, आणि नवा सरस जुन्या सरसाला धरतो. पांढरा ग्लू एकदा लागला की पुढच्या माणसाला करवतच लागते. सरसाचे दाणे पाण्यात भिजवून, डब्यात डबा ठेवून साधारण साठ डिग्रीपर्यंत गरम करायचे, जास्त तापवला तर ताकद जाते. वास मात्र असा की नवरा दोन संध्याकाळ वरच्या मजल्यावर जेवला. व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला महोगनीचा पातळ पापुद्रा, एका कोपऱ्यात फुगलं होतं, तेही ओल्या कपड्यावरून इस्त्री फिरवून आणि वजन ठेवून बसलं, कारण खाली सरसच होता. तुटलेल्या तुकड्याच्या जागी ठिगळ लावायचं तर चौकोनी कापू नका, तिरकं कापा, रेषांमध्ये मिसळून जातं. आणि आजचं बाजारातलं व्हिनियर जुन्याच्या मानानं फारच पातळ असतं, मला दोन थर लावावे लागले.

सगळ्यात कंटाळवाणं काम ड्रॉवरच्या कडांचं. रोज उघडझाक करून बाजूच्या फळ्यांची खालची कड झिजून तिरकी होते, ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या आतल्या पट्टीला, रनरलाही चर पडतो, मग ड्रॉवर वाकडा अडकतो आणि लोक ओढून मूठ काढतात. कड रंध्यानं सरळ करून ओकची पट्टी चिकटवायची, परत रंधायची, घालून बघायची, परत काढायची. पाच ड्रॉवर. शेवटी मेणबत्ती घासली.

फ्रेंच पॉलिश हा भाग मला आवडला. शेलॅकचे फ्लेक्स, म्हणजे आपली चपडा लाख, लिटरभर स्पिरिटमध्ये साधारण अडीचशे ग्रॅम. झारखंडात कुसुम, पळस, बोरीवर बसणाऱ्या किड्यांपासून येणारा हा माल व्हिक्टोरियन काळातही आपल्याकडूनच इथे यायचा, म्हणून सासूबाईंना म्हटलं, अहो, निम्मं कपाट आपलंच आहे. कापसाचा बोळा सुती कपड्यात गुंडाळून रबर करायचा, जवसाच्या तेलाचा एखादा थेंब, आठाच्या आकड्यात फिरवत राहायचं आणि पृष्ठभागावर कधीही थांबायचं नाही, थांबलात की चिकटतो आणि खालचा थर उचलतो. पातळ पातळ थर, मधे वाळू द्यायचं. दमट हवेत पांढरट धुकं येतं, त्यामुळे इथे पावसाचा दिवस म्हणजे सुट्टी, म्हणजे बऱ्याच सुट्ट्या. शेवटी जवळजवळ नुसत्या स्पिरिटनं तेल ओढून घ्यायचं.

राहिलेली मूठ एका टर्नरकडून, म्हणजे लेथवर लाकूड घडवणाऱ्याकडून करून घेतली, जुन्या मुठीचा नमुना देऊन, लाकडी आट्यांसकट. ती एकटी कपाटाच्या जवळपास निम्म्या किमतीला पडली. आता बलून-बॅक खुर्च्यांची एक जोडी हेरून ठेवलीये, वॉलनटच्या, घोड्याच्या केसांचं भरण अजून आत आहे म्हणतात. नवऱ्याला अजून सांगितलं नाहीये.