शुल्झची रेघ

शनिवार, रात्री

हल्ली झोपण्याआधी चार्ल्स शुल्झचं 'पीनट्स' वाचतोय, म्हणजे पेपरात रोज येणारी अमेरिकन चित्रपट्टी, कॉमिक स्ट्रिप. सुरुवातीपासून, क्रमाने. आमच्या घरी पेपर उघडला की आधी बघायचा तो 'चिंटू'; १९९१ साली 'सकाळ'मध्ये सुरू झाला आणि घरचाच होऊन बसला. 'पीनट्स'मधला कुत्रा स्नूपी मात्र कंपासपेटीवर आणि टी-शर्टवर भेटलेला. त्यामुळे पहिल्याच स्ट्रिपने दचकायला झालं.

तारीख २ ऑक्टोबर १९५०. पायरीवर एक मुलगा आणि एक मुलगी बसलीत. स्ट्रिपचा नायक चार्ली ब्राउन समोरून येतो, हसतमुख, आपल्याच नादात. आला बघ आपला चार्ली ब्राउन, असं मुलाचं कौतुक चाललेलं. तो पुढे निघून जातो, आणि चौथ्या चौकटीत तोच मुलगा तोंड वाकडं करून सांगतो की मला हा डोळ्यांसमोर नको होतो. बस्स. पहिल्याच दिवशी वाचकाला हे वाढायला जिगर लागते.

शुल्झ हा माणूस मिनेसोटाचा. जन्म १९२२ चा, वडिलांचं सेंट पॉलमध्ये केशकर्तनालय. चित्रकला शिकला पत्राद्वारे. १९४३ साली आई कर्करोगाने गेली, आणि त्याच सुमारास हा सैन्यात. युद्धावरून परतल्यावर त्याच पत्रशाळेत शिकवायला लागला. तिथल्या एका सहकाऱ्याचं नाव चार्ली ब्राउन. तिथल्याच लाल केसांच्या मुलीला यानं मागणी घातली, तिनं लग्न दुसऱ्याशी केलं. पुढे चार्ली ब्राउन वर्षानुवर्षं एका लाल केसांच्या मुलीवर झुरत राहिला आणि शुल्झनं स्ट्रिपमध्ये तिचा चेहरा एकदाही दाखवला नाही.

त्याच्या या उदासपणावर लोक भरभरून लिहितात. लिहोत बापडे. मला थक्क करते ती त्याची मजुरी. जवळजवळ पन्नास वर्षं, १७,८९७ स्ट्रिप्स. अमेरिकेत नावारूपाला आलेले कित्येक जण हाताखाली माणसं ठेवत. शाई एक भरणार, अक्षरं दुसरा काढणार. यानं कल्पना, पेन्सिल, शाई, फुग्यातली अक्षरं, सगळं स्वतः केलं. मोठी सुट्टी घेतली ती एकदाच, १९९७ साली, पंचाहत्तरीला: पाच आठवडे. बाकी रोजचा रतीब.

त्यात सुरुवातीची अटही जाचक. सिंडिकेटनं, म्हणजे पेपरांना स्ट्रिप्स पुरवणाऱ्या कंपनीनं, ही स्ट्रिप संपादकांना विकली ती 'जागा वाचवते' म्हणून. चार सारख्या चौकटी. पानावर आडव्या लावा, उभ्या लावा, नाहीतर दोनावर दोन रचा. 'पीनट्स' हे नावही सिंडिकेटनंच चिकटवलं. ते त्याला मरेपर्यंत आवडलं नाही. सारख्या चौकटींमधून तो सुटला थेट १९८८ मध्ये! जगभर गाजलेल्या माणसाला स्वतःच्या चौकटीची रुंदी ठरवायला एवढी वर्षं लागावीत, याचा मला अजून राग येतोय.

आज दुपारी टाक आणि शाई घेऊन चार्ली ब्राउनचं डोकं काढून पाहिलं. माझी चित्रकला एलिमेंटरी परीक्षेपाशी संपली, तेव्हा निकाल सांगायला नको. पण एक कळलं. ते डोकं गोल नाहीच. गालापाशी रेघ किंचित बाहेर येते, तिथं निब दाबायची आणि हनुवटीकडे वळताना सोडायची. शुल्झ पेन्सिलीनं जेमतेम खुणा करायचा. खरं चित्र शाईतच व्हायचं. एस्टरब्रुक कंपनीची एक ठरावीक निब त्याला लागायची. ती बंद होणार म्हटल्यावर यानं उरलेला सगळा साठा विकत घेऊन टाकला. दिवाळीआधी फराळाच्या ऑर्डरी घेणारी माझी मावशी बेसनाच्या बाबतीत असंच करते.

१९८१ मध्ये हृदयाची शस्त्रक्रिया झाली, आणि पुढे हात थरथरायला लागला. नव्वदच्या दशकातलं कुठलंही पान उघडा: गवत थरथरतंय, स्नूपीच्या घराचं छप्पर थरथरतंय, ओठांची रेघ थरथरतेय. काही जणांना ही उतरती कळा वाटते. मला नाही वाटत. ऐंशीच्या आधीची रेघ देखणी आहे, ही रेघ बोलते. तरी त्यानं टाक दुसऱ्याच्या हाती दिला नाही.

डिसेंबर १९९९ मध्ये आजारपणामुळे निवृत्ती जाहीर केली. १२ फेब्रुवारी २००० च्या रात्री तो गेला, आणि शेवटची रविवारची स्ट्रिप दुसऱ्या सकाळी छापून आली.

आपल्यामागे कुणी नवी स्ट्रिप काढायची नाही, ही त्याची इच्छा घरच्यांनी पाळली. पेपर जुन्याच पुन्हा छापतात. इथे माझं जरा अडतं. इच्छा रास्तच, पण ती जागा पेपरांनी एखाद्या नव्या पोराला द्यायला हवी होती. १९५० मध्ये अवघ्या सात पेपरांनी याला जागा दिली होती.