भूकंपाच्या देशात कशाला जायलाव?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. किराणा दुकानापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत लातूरात हे मला सगळेच विचारतात: बाहेरदेशी फिरायला जाता, भीती वाटत नाही का? जपानच्या वेळी शेजारच्या काकूंनी तर दारातच धरलं, "भूकंपाच्या देशात कशाला जायलाव बाई?"

किल्लारीपासून तासाभराच्या वाटेवर उभं राहून हे विचारायचं!

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गावं झोपलेली. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. मी बारा वर्षांची होते. आमच्या घरात फडताळातली भांडी कोसळली, भिंतीला तडे गेले, पुढचे पंधरा दिवस आम्ही अंगणात झोपलो. तिकडे किल्लारी-सास्तूर पट्ट्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. धक्का ६.२ तीव्रतेचा. एवढा धक्का जपानमध्ये बसला तर बहुतेक वेळा लोक सकाळी कामावर जातात. आपल्याकडे माणसं दडपली ती माळवदाखाली. मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती आणि वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात त्याच घरांसारखा गारवा कुठे नसायचा.

जपानने १९८१ साली बांधकामाचे नियम कडक केले. म्हणून हॉटेल ठरवताना मी स्टेशन किती लांब, नाश्ता मिळतो का, हे नंतर बघितलं. आधी इमारत कोणत्या सालची ते बघितलं. रोज रात्री पलंगाशेजारी बूट आणि टॉर्च ठेवून झोपले. अकरा रात्रींत काहीच हललं नाही. नवरा हसला. हसू दे.

मला खरी धास्ती रस्त्याची वाटते. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसं मेली. कारखाने सुरू झाले की रात्री उसाच्या ट्रॉलीमागे लाल दिव्याचा पत्ता नसतो, आणि आपण त्याच रस्त्याने लग्नं करून येतो. तेव्हा कुणी विचारत नाही. थायलंडचे रस्तेही काही कमी जीव घेत नाहीत. फुकेतला उतरल्या उतरल्या भाच्याला भाड्याची स्कूटर हवी होती, हेल्मेट मात्र "इथं कुणी घालत नाही मामी" म्हणून नको. वर त्याच्याकडे आंतरराष्ट्रीय परवानाही नव्हता. आरटीओत हजार रुपयांत मिळतो, वर्षभर चालतो. तो नसताना पडलं तर विमा कंपनी हात वर करते. आणि व्हिएतनाममध्ये आपला तो परवानाही चालत नाही. आपला १९४९च्या आंतरराष्ट्रीय रस्ते-वाहतूक करारावरचा, ते मानतात १९६८चा. भाचा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. टॅक्सीत गप्प बसून होता, पण बसून होता.

पाण्याचंही तसंच. आम्ही पोहायला शिकलो ते पाठीला डबा बांधून, विहिरीत. विहिरीचं पाणी उभं असतं, दमलं की पायरी धरायची. समुद्राचं पाणी ओढतं. फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर मे ते ऑक्टोबर लाटा खवळलेल्या असतात, लाल झेंडा लावलेला असतो, आणि आपली माणसं त्या झेंड्याला धरून फोटो काढतात. ओढीत सापडलंच तर किनाऱ्याकडे झगडत येऊ नये, किनाऱ्याला समांतर आडवं पोहत ओढीतून बाहेर पडावं. हे मी मुलींना गादीवर पालथं झोपवून शिकवलं. आणि लाल झेंडा असेल तर घोट्यापर्यंतच.

जिथे गोळीबार चालू आहे तिथे मी जात नाही, हे सांगायला नको. २०२५च्या सप्टेंबरात काठमांडू पेटलं, विमानतळ बंद झाला. आमची दिवाळीची तिकिटं होती, ती रद्द केली. महिनाभरात सगळं निवळलं, पैसे बुडाले. चुकलं का? माहीत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा रद्द करीन.

विमा काढताना मात्र नवऱ्याचा बीपी लपवायचा नाही, यावर आमचं दरवेळी भांडण होतं. "हप्ता वाढतो," म्हणे. वाढू दे.

आता काकूंचं सांगते. मागच्या दिवाळीला त्या लेकाकडे दुबईला निघाल्या. मी बॅग भरायला मदतीला गेले तर स्टीलच्या डब्यात अनारसे, वर पांढरी खसखस. शिवाय भाजीच्या वाटणाला पाव किलो वेगळी बांधलेली. अमिरातीत खसखशीला बंदी आहे, ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. विमानतळावर सापडली तर तुरुंगाची वेळ येते. काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "खसखस? आपली?"

डबा आमच्याच घरी रिकामा झाला. काकूंनी रात्री परत पीठ काढलं आणि तिळावर थापून पन्नास अनारसे तळले. लेकाचा फोन आला होता, एकही मोडला नाही म्हणे.