स्प्लेंडरनंतरची गाडी

गाडी बदलायची ठरवली हे ऑफिसात कळलं आणि दुपारचे डबे उघडेपर्यंत माझी गाडी निवडूनही झाली होती. "बुलेट घ्या, मॅडम." आपल्याकडे रॉयल एनफील्डची कुठलीही गाडी बुलेटच असते, त्यामुळे नेमकी कोणती हे विचारण्यात अर्थ नव्हता.

माझी नोकरी चिपळूणला, माहेर कऱ्हाडला. मधे कुंभार्ली घाट. दादानं कार घेतल्यावर त्याची स्प्लेंडर माझ्याकडे आली आणि मी खरी गाडी चालवायला शिकले ती तिच्यावरच. ९७.२ सीसी, आठ पीएसची ताकद, वजन ११२ किलोच्या आसपास. साठच्या वर अ‍ॅव्हरेज, आणि बिघडली तर पाटणपासून अलोऱ्यापर्यंत कुणीही मेकॅनिक डोळे मिटून उघडेल. तिच्याबद्दल तक्रार नाहीच.

फक्त पोफळी सोडून घाट सुरू झाला आणि मागे आई असली, की दुसऱ्या गियरमध्ये इंजिन नुसतं ओरडत राहतं. वर हेळवाकहून पाटणकडे निघालं की हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर. त्यांना ओलांडायला स्प्लेंडरला जेवढा मोकळा रस्ता लागतो, तेवढा या रस्त्यावर क्वचितच मिळतो. मग ट्रॉलीच्या मागे उसाची पाचट अंगावर घेत राहायचं. मला वेग नको होता. तिसऱ्या गियरमध्ये वळण चढेल आणि ट्रॉलीला पटकन मागे टाकेल, एवढीच गाडी हवी होती.

त्यामुळे मी पीएस बघणं सोडलं आणि टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, बघायला लागले, तोही इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना मिळतो ते. स्प्लेंडरचा टॉर्क आठ न्यूटन मीटर, तोही ६००० फेऱ्यांना. रॉयल एनफील्डच्या ३४९ सीसी इंजिनाचा २७, आणि तो ४००० फेऱ्यांनाच हजर. घाटात याचा अर्थ सरळ आहे: वळणावर वेग पडला तरी गियर पाडायची घाई नाही. उतरताना मोठं एक सिलिंडरचं इंजिन गाडीला मागे ओढून धरतं, ब्रेकवरचा भार कमी होतो, हे वेगळंच.

आता मुख्य अडचण. माझी उंची ५ फूट २ इंच.

लोक चालत्या गाडीबद्दल बोलतात. मला उभ्या गाडीची धास्ती होती. रॉयल एनफील्डच्या क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो, म्हणजे स्प्लेंडरपेक्षा ऐंशी-एक किलो जास्त. धावताना ते जाणवत नाही. आमच्या सोसायटीत पार्किंगचा उतार भिंतीच्या दिशेनं आहे, त्यामुळे रोज सकाळी गाडी चढावर मागे ढकलत काढावी लागते. तिथे ऐंशी किलो म्हणजे ऐंशी किलोच. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर सगळ्याच गाड्या हलक्या लागतात. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी एकच हट्ट धरला: गाडी बाहेर काढा, इंजिन बंद, आणि मला ती त्या रॅम्पवरून मागे घेऊ द्या. एका ठिकाणी "कोणासाठी बघताय?" असं विचारणारा मुलगा हे बघून गप्प झाला. दुसऱ्या ठिकाणी रॅम्पला हातच लावू दिला नाही. तिथून मी निघाले.

सीटच्या उंचीचा आकडाही पुरेसा नसतो. क्लासिकची ८०५ मिलिमीटर, त्याच कंपनीच्या हंटर ३५० ची ७९०. फरक फक्त दीड सेंटीमीटरचा. पण सीट पुढून रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय तेवढेच वर राहतात. हंटरवर माझे दोन्ही चवडे आणि थोड्या टाचाही टेकल्या. हिरोची एक्सपल्स २०० फोर व्ही मनापासून आवडली होती. १५८ किलो, तळ जमिनीपासून २२० मिलिमीटर वर, आमच्या पावसाळी रस्त्यांसाठीच जणू केलेली. पण सीट ८२५, आणि उतारावर एका पायाच्या अंगठ्यावर गाडी, मी आणि आई, तिघी! सोडली.

ट्रायम्फ स्पीड ४०० नं मात्र झोप उडवली. सीट ७९०, वजन हंटरपेक्षाही थोडं कमी, आणि ताकद ४० पीएस. टेस्ट राइडवरून परत येताना मी हेल्मेटच्या आत हसत होते. मग हिशेब केला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के, त्याहून मोठ्या इंजिनावर ४०. नव्या गाडीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा ३५० च्या आत ७,३६५ रुपये, वर १५,११७. रॉयल एनफील्डच्या इंजिनाचा ३४९ हा आकडा उगाच नाही, एवढं कळलं. पण पैसा हे अर्धंच कारण. स्पीड ४०० चा खरा जोर वरच्या फेऱ्यांत आहे, तिला पळवलं की मजा. मी एकटी दर आठवड्याला पुणे–बंगळुरू हायवेला लागत असते, तर तीच घेतली असती, कर गेला खड्ड्यात.

राहिली हंटर. २०२५ च्या बदलात मागचे स्प्रिंग सुधारले, क्लच हलका झाला, तळ एक सेंटीमीटर वर गेला. आधीची हंटर मैत्रिणीकडे चालवली होती, खड्ड्यांत कंबर बोलायची, त्यामुळे हे बदल कागदावरचे नाहीत हे मला कळलं. सगळ्यात स्वस्त मॉडेल घेऊ नका मात्र. त्यात मागे ड्रम ब्रेक आणि एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, फक्त पुढच्या चाकाला. कोकणातल्या पावसात, शेवाळलेल्या वळणावर, दोन्ही चाकांचं एबीएस हवंच.

आईला घेऊनच शेवटची फेरी मारली. उतरून म्हणाली, "बसायला बरी आहे गं, पण सीट आखूड. आणि माझी पिशवी कुठं ठेवायची?" मागे बसणाऱ्याचं मत कुणीच विचारत नाही, विचारा. बाजूची बॅग लावायचं ठरलं.

बुकिंग केलंय. ताबा मिळेपर्यंत एकच गोष्ट डोक्यात घोळवतेय. स्प्लेंडरचे चारही गियर पुढे दाबून चढतात. हंटरला पहिला खाली, बाकीचे वर. म्हणजे इतकी वर्षं ज्या दाबानं गियर वाढायचा, तोच दाब आता गियर पाडणार, आणि भर वेगात पाडला तर मागचं चाक झटका देणार. पहिले काही दिवस सकाळी लवकर, रिकाम्या रस्त्यावर, आईशिवाय.

स्प्लेंडर एक्स्चेंजला दिली नाही. तिची त्यांनी सांगितलेली किंमत ऐकून दादा माझ्यापेक्षा जास्त चिडला. बाजारहाट तिच्यावरच. शोरूमनं दिलेल्या अ‍ॅक्सेसरीजच्या यादीतून लेग गार्ड तेवढा ठेवला, बाकी पैशांत आईला नीट बसणारं हेल्मेट घेतेय.