आमची वाटचाल : माशांच्या दुकानाकडून पाण्याच्या कामाकडे

सिंहगड रोडवर आमचं दुकान सुरू झालं ते चारचौघांसारखंच. पुढे काचेच्या टाक्या, मागे खाद्याची पाकिटं, रंगीत खडी, प्लॅस्टिकची झाडं. रविवारी आईवडील मुलांना घेऊन यायचे आणि टाकी, फिल्टर, गोल्डफिशची जोडी असं सगळं एकदमच घेऊन जायचे. पंधरा दिवसांत त्यातले बरेच जण परत यायचे. "दादा, मासे नाजूक निघाले." खरं तर मासे धडधाकट असायचे, नव्या टाकीतलं पाणीच त्यांना जगू देत नव्हतं.

माशाच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो, उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वाढणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन्ही विषारी. नायट्रेट त्या मानाने सौम्य, आणि थोडं थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. पण ही जीवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून आम्ही ठरवलं, टाकी आज न्या, मासे आम्ही सांगू तेव्हा. मुलं हिरमुसायची, काही गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात गेली. घरचे धास्तावले होते, तरी आम्ही नियम सोडला नाही.

पुढे घरोघरी जाऊन टाक्या सांभाळायचं काम घेतलं. तिथे रोजचा वाद एकच : "सगळं पाणी काढा, खडी धुवा, फिल्टर नळाखाली चोळा, काच लख्ख करा." पैसे देणाऱ्याला नाही म्हणणं जड जातं. पण क्लोरिनच्या पाण्यात स्पंज चोळला की वस्ती मरते आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. आमच्याकडे कामाला असलेली मुलं स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत हलकेच पिळतात. आठवड्याला साधारण पाव टाकी पाणी सायफनने खडीतली घाण ओढत काढायचं, एवढंच.

उंड्रीतल्या एका दवाखान्यातली टाकी आठवते. कित्येक महिने पाणी बदललेलं नव्हतं, वरून फक्त भर घातली जायची. पाणी पिवळसर, एंजल मासे मात्र शांत फिरत होते. तपासलं तर पीएच सातच्या बराच खाली, म्हणजे पाणी आम्लधर्मी. अमोनियाच्या चाचणीची नळी पिवळी राहायला हवी, ती गर्द हिरवी झाली. डॉक्टरांना वाटलं, मासे जगतायत म्हणजे ठीकच आहे. पण आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या रूपात असतो, आणि ते फारसं बाधत नाही. त्यात एकदम टँकरचं जड म्हणजे क्षार जास्त असलेलं, जास्त पीएचचं पाणी ओतलं असतं तर त्याचाच विषारी अमोनिया झाला असता. एका दिवसाआड जेमतेम दहावा हिस्सा पाणी बदलत, खाद्य निम्म्यावर आणत आम्ही ती टाकी सावरली. लोक म्हणतात, "पाणी बदललं आणि मासे मेले." बऱ्याचदा कारण हेच असतं.

एकाच पुण्यात पाणी किती वेगळं! पेठांत खडकवासल्याचं मऊ पाणी, तर उंड्री-पिसोळी, वाघोलीकडे बोअर आणि टँकरचं जड पाणी. मॉली-गप्पी माशांना जड पाणी मानवतं, डिस्कस माशाला नाही. काही जण हौसेने नुसतं आरओचं पाणी भरतात. त्यात क्षारच उरत नाहीत, मग पीएचला आधार राहत नाही आणि तो कधीही घसरतो. म्हणून आता मासे दाखवण्याआधी आम्ही विचारतो, "तुमच्याकडे पाणी कुठलं?"

पावसाळ्यात आमचे फोन वाढतात. गढूळ पाण्यामुळे शुद्धीकरणात तुरटी आणि क्लोरिन वाढतं. सोसायटीची टाकी धुऊन टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर विचारूच नका. मासे वर येऊन धापा टाकतात, कल्ले लाल होतात. हायपो म्हणजे क्लोरिन मारणारं सोडियम थायोसल्फेट, ते बादलीत आधी मिसळून मगच पाणी टाकीत सोडायचं. ते नसेल तर उघड्या बादलीत एअर पंप लावून पाणी दिवसभर ठेवायचं. थंडीत बादलीत हात घालून पाहायचं, टाकीपेक्षा गार पाणी ओतायचं नाही.

आज आमचं निम्म्याहून जास्त उत्पन्न देखभालीचं आहे. पहिल्या भेटीला आम्ही घरातल्या एकाला सायफन धरायला शिकवतो, बहुतेक ठिकाणी आजोबा नाहीतर शाळकरी मुलगी पुढे येते. त्यामुळे आमच्या फेऱ्या कमी होतात, आणि ते आम्हाला चालतं. जूनच्या आधी प्रत्येक ग्राहकाकडे हायपोची बाटली पोहोचलीच पाहिजे, यंदाची यादी भिंतीवर लागली आहे.